थांबणारा फुटबॉल

फुटबॉलच्या व्हिडिओ गेमांनी आजवर परीक्षा घेतली ती बहुतेक वेळा खेळणाऱ्याच्या अंगठ्यांची. १९९३ च्या अखेरीस ‘फिफा’ची मालिका सुरू झाली, दोनेक वर्षांत कोनामीची ‘विनिंग इलेव्हन’ आली, आणि पुढे कित्येक वर्षं या दोन घराण्यांची चुरस चालली ती गवत किती खरं दिसतं आणि चेंडू किती खरा वळतो यावरून. खेळणाऱ्याने करायचं एवढंच, की बटण वेळेवर दाबायचं. ज्याचा अंगठा मंद तो हरणार, मग त्याला फुटबॉल कितीही कळत असो. शाळेच्या मैदानावर ज्याला सगळ्यात शेवटी संघात घेतलं जायचं, त्याचा नंबर इथेही शेवटचाच.

२२ ऑगस्ट २००८ रोजी जपानमध्ये निन्टेंडो डीएस या हातातल्या यंत्रावर ‘इनाझुमा इलेव्हन’ नावाचा गेम आला. त्यात तुमचा खेळाडू चेंडू घेऊन निघाला आणि समोर प्रतिस्पर्धी उभा राहिला, की सगळं मैदान जागच्या जागी थांबतं. पडद्यावर पर्याय येतात. त्यातला एक जपून खेळण्याचा, एक आडदांड, आणि अंगात ताकद शिल्लक असेल तर एखादी खास करामत. आडदांडपणा बऱ्याचदा फळतो, पण फाउलची भीती असते. तुम्ही विचार करता, बोट टेकवता, निकाल लागतो आणि मैदान पुन्हा धावू लागतं. नव्वद मिनिटं न थांबता वाहणं हाच ज्या खेळाचा स्वभाव, त्याला मधेच थांबवण्याचं धाडस या गेमने केलं. मला तो महत्त्वाचा वाटतो तो या थांबण्यामुळे.

गेमची कथा, त्यातले संघ, सामन्यांतले डावपेच यांचा तपशील पुढच्या प्रकरणांत येईलच. इथे मला सांगायचं आहे ते त्यामागचं. हा गेम असा का झाला, तो शाळेतच का घडतो, आणि फुटबॉलसारख्या धावत्या खेळाला रोल-प्लेइंग गेमचा संथ सांगाडा एवढा चपखल कसा बसला.

आधी बनवणाऱ्यांबद्दल. जपानच्या दक्षिणेकडच्या फुकुओका शहरात आकिहिरो हिनो यांनी १९९८ मध्ये ‘लेव्हल-५’ ही कंपनी काढली. रोल-प्लेइंग गेम म्हणजे आरपीजी, हा तिचा हातखंडा. ज्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ मालिकेने जपानच्या एका अख्ख्या पिढीला आरपीजीचं वेड लावलं, तिचा आठवा भाग २००४ मध्ये याच कंपनीने घडवला होता. या प्रकारच्या गेममध्ये कथा पुढे सरकत जाते, वाटेत शत्रू आडवे येतात, त्यांना हरवलं की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की पात्राची लेव्हल वाढते. घाई नसते. बळ कणाकणाने साठवायचं असतं. क्रीडागेमची सवय असलेल्या कुणी हा गेम केला असता तर त्याने हातातल्या यंत्रासाठी छोटा ‘फिफा’ केला असता. लेव्हल-५ ने आपल्याला येत होतं तेच केलं: राक्षसांच्या जागी दुसऱ्या शाळेचा संघ ठेवला आणि तलवारीच्या जागी चेंडू.

पण निव्वळ अदलाबदलीने गेम जमत नाही. तो जमला, कारण जपानी शाळेतला क्लब मुळातच आरपीजीसारखा चालतो.

तिथे शाळा सुटल्यावर मुलं घरी जात नाहीत, क्लबात जातात. या व्यवस्थेला ‘बुकात्सु’ म्हणतात. बेसबॉल, फुटबॉल, केंदो, वाद्यवृंद, जे हवं ते. पण एकदा निवडलं की सहसा तीन वर्षं तेच. पहिल्या वर्षाच्या पोरांनी चेंडू गोळा करायचे, मैदान साफ करायचं, वरच्या वर्गातल्यांना मान द्यायचा. दुसऱ्या वर्षी जरा डोकं वर काढायचं. तिसऱ्या वर्षी मोठ्या स्पर्धेत उतरायचं आणि हरलं की क्लब सोडून प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाला लागायचं. स्पर्धा बाद पद्धतीची असल्याने तिसऱ्या वर्षाच्या बहुतेक मुलांचा शेवटचा सामना हा हरलेलाच असतो. उच्च माध्यमिक शाळांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा शंभरहून अधिक वर्षं जुनी आहे. ती ऐन हिवाळ्यात, नववर्षाच्या सुट्टीत भरते, टीव्हीवर दिसते, आणि हरलेल्या संघाच्या ड्रेसिंग रूममधले शेवटचे क्षण दाखवणारा कार्यक्रमही तिथे आवडीने पाहिला जातो. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा आणि पेठांचा; तिथे निष्ठा जन्माने मिळते आणि आयुष्यभर टिकते. जपानी शाळेतली निष्ठा तीन वर्षांची असते, आणि मुदत ठरलेली असल्यामुळेच ती इतकी तीव्र असते.

रोजचा तोच सराव, थोडी थोडी वाढ, ठरलेली मुदत, आणि शेवटी एक मोठा सामना. आरपीजीला याहून वेगळं काय लागतं?

‘इनाझुमा इलेव्हन’ची कथा राइमोन नावाच्या माध्यमिक शाळेत सुरू होते. फुटबॉल क्लबात पोरं सातच. त्यांतला सराव करणारा एकटा कर्णधार, एन्दो मामोरू. तो गोलकीपर आहे, ही निवड मला फार आवडते. अशा कथांचा नायक बहुधा गोल करणारा असतो. इथे तो गोल खाणारा आहे. मैदानाची जागा मिळत नाही, संघ तयार नाही, म्हणून हा पोरगा झाडाला टायर टांगून तो अंगावर घेत बसतो. आजोबा त्याच शाळेचे जुने प्रशिक्षक. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी घडवलेल्या दंतकथेसारख्या संघाचं नाव ‘इनाझुमा इलेव्हन’. त्यांची वही नातवाकडे आहे, पण अक्षर असं की ते एन्दोशिवाय कुणालाच लागत नाही. आणि ज्याला लागतं त्यालाही पुष्कळदा ‘धडाम्’, ‘सूंऽऽ’ अशा आवाजांपलीकडे फारसं काही सापडत नाही. कौशल्य हातोहात कसं पोचतं याचं इतकं खट्याळ आणि खरं चित्र मुलांच्या गेममध्ये क्वचित दिसतं.

मग देशातला सर्वांत बलाढ्य संघ, तेइकोकु अकादमी, सरावसामन्याचं आव्हान देतो. हरलात तर क्लब बंद, अशी अट. अकरा पोरं जमवायची तर चार कमी पडतात. एक येतो ॲथलेटिक्सच्या क्लबातून. एक येतो तो आपल्याकडे कुणाचं लक्षच जात नाही या दुःखाने. एक केवळ कंटाळा घालवायला. आणि चौथा, चष्मिस मेगाने, येतो तो दहा नंबरची जर्सी मिळणार असेल तरच, या अटीवर. सामन्यात तेइकोकु त्यांना तुडवतात. गोलांवर गोल चढतात, आणि मेगाने ती दहा नंबरची जर्सी तिथेच फेकून पळ काढतो. फुटबॉल सोडलेला, बाजूला उभा राहून पाहणारा गोएन्जी शूया तीच जर्सी उचलून अंगावर चढवतो आणि मैदानात उतरतो. गोलफलक शेवटी दाखवतो २०-१. त्या एका गोलावर पुढची सगळी कथा उभी राहते.

मेगानेची ही जर्सी मला सगळ्या खास करामतींपेक्षा मोठी वाटते. भित्र्याने टाकलेली वस्तू शूराने उचलली, एवढ्यावर कथाकार थांबू शकला असता. पण मेगाने संघातून जात नाही, पुढेही राहतो. गोएन्जीही काही आकाशातून पडलेला तारणहार नाही. बहिणीला झालेल्या अपघाताचा सल मनात ठेवून तो खेळापासून दूर झालेला असतो. हा गेम कुणालाच पूर्ण निकामी ठरवत नाही, आणि त्याच्या यंत्रणेतही हेच तत्त्व आहे. पहिल्याच भागात तुम्हाला हजाराच्या आसपास खेळाडू संघात घेता येतात. रस्त्यावर चकाट्या पिटणारी पोरं, इतर शाळांतले हरलेले खेळाडू, कुणीही. त्यांना शोधायची रीत तर फारच ओळखीची आहे: ओळखीपाळखीचा एक नकाशा असतो, याच्या ओळखीने तो, त्याच्या ओळखीने आणखी तिसरा, असं करत माणसं हाताला लागतात. शेवटी तुमचा संघ हा कथेतला संघ राहीलच असं नाही. तारे बाकावर बसवून चार अनाम पोरांना आघाडीला खेळवण्याची मुभा तुम्हाला आहे, आणि ती वापरणाऱ्यांना हा गेम जास्त लाभतो.

आता दोष. गावात फिरताना अधूनमधून चार-चार जणांच्या छोट्या झटापटी आडव्या येतात: पहिला गोल करा, ठरल्या वेळात चेंडू हिसकावा. सुरुवातीला मजा येते, नंतर जीव मेटाकुटीला येतो. एखाद्या दुकानापर्यंत जायचं तर वाटेत तीनदा कुणीतरी चेंडू घेऊन उभं. आरपीजीचा हा जुना रोग इथेही आहे, आणि सरावाचं चित्र म्हणून त्याची कितीही भलामण केली तरी कंटाळा तो कंटाळाच.

अकरा-अकरांचा सामना मात्र वेगळीच गोष्ट. डीएसला दोन पडदे असतात, खालचा स्पर्शाने चालतो. स्टायलसने खेळाडूच्या पायापासून रेघ ओढली की तो त्या वाटेने धावतो. मोकळ्या जागेवर टोचलं की चेंडू तिकडे जातो. सामना वाहत असताना एकीकडे बचावफळीला मागे खेचायचं, दुसरीकडे आघाडीपटूला पुढे पाठवायचं. दोन प्रकारची शक्ती संपत असते: धावण्याने दम जातो, करामतींनी कौशल्यशक्ती. पहिल्या हाफमध्ये सगळा दारूगोळा उडवणारा दुसऱ्या हाफमध्ये उघडा पडतो. वेगवान बोटांपेक्षा इथे कामाला येते ती काटकसर. हाताचा पंजा मधेच पडद्यावर येतो आणि कोण कुठे आहे ते दिसेनासं होतं, ही कटकट खरी आहे. पण स्पर्शाने संघ हाकण्याची ही पद्धत इतकी मध्यवर्ती होती की २०१२ मध्ये सेगा कंपनीने आपल्या पेटंटचा भंग झाल्याचा आरोप करत लेव्हल-५ वर सुमारे ९० कोटी येनचा दावा ठोकला, आणि लेव्हल-५ ने तो आरोप फेटाळला.

थांबून पर्याय निवडण्याची कल्पना मात्र लेव्हल-५ ची नव्हे. तिचं मूळ शोधायला वीस वर्षं मागे जावं लागतं. योइची ताकाहाशी यांची ‘कॅप्टन त्सुबासा’ ही चित्रकथा १९८१ मध्ये सुरू झाली, तेव्हा जपानमध्ये व्यावसायिक फुटबॉल लीग नव्हती आणि देश विश्वचषकाला एकदाही पात्र ठरलेला नव्हता. जे-लीग आली १९९३ मध्ये, विश्वचषकातला पहिला प्रवेश १९९८ मध्ये. मधल्या काळात शाळकरी पोरांनी फुटबॉल पाहिला तो मुख्यतः या चित्रकथेत. तिच्यात एक किक मारायला पानंच्या पानं लागतात. खेळाडू हवेत असतानाच मनात आख्खा भूतकाळ आठवून घेतो. १९८८ मध्ये टेक्मो कंपनीने त्यावर गेम काढला, आणि त्यांनी फार शहाणपणाने धावपळ टाळून पर्याय निवडण्याचा खेळ केला: पास, ड्रिबल की शॉट? खेळाडूची ‘गट्स’ नावाची शक्ती तिथेही खर्च व्हायची. ‘इनाझुमा इलेव्हन’मध्येही ती त्याच नावाने भेटते. चित्रकथेतला थांबलेला क्षण आणि गेममधला थांबलेला क्षण एकाच वंशातले आहेत, हे ध्यानात घेतलं की या गेमची लय कळते.

करामतींचं नाटकीपणही तिथूनच आलेलं. एन्दोच्या हातातून सोनेरी राक्षसी पंजा उगवतो, गोएन्जी ज्वाळांत गिरक्या घेत हवेत चढतो. वास्तववादाचा आग्रह धरणाऱ्याने इथेच पुस्तक मिटावं. पण या आतषबाजीच्या बुडाशी बहुतेक वेळा एखाद्या पोराची अडचण असते. धिप्पाड काबेयामाला उंचीची भीती वाटते. आणि नेमकी जी करामत शिकायची तिच्यात त्याने हवेत उडी घेऊन दुसऱ्याच्या पायाखालची पायरी व्हायचं असतं. आडमुठ्या सोमेओकाला गोएन्जीचा मत्सर वाटतो; तो निवळल्यावरच दोघांच्या किका एकत्र होऊन नवी करामत जन्मते. म्हणजे अंगात बळ येण्याआधी मनातली गाठ सुटावी लागते. कधी ती फार झटपट सुटते, हे खरं. पण मुलांसाठीच्या गेममध्ये ती आहे, हेही खरं.

खेळाडूंना चार गुणधर्मांत विभागलं आहे: वारा, रान, आग आणि डोंगर. डोंगर आगीला भारी, आग रानाला, रान वाऱ्याला, आणि वारा डोंगराला. जपानी पोराला हे चार शब्द एका दमात पाठ असतात, कारण सोळाव्या शतकातल्या ताकेदा शिंगेन या सरदाराच्या निशाणावर तेच होते. मूळ प्राचीन चिनी युद्धशास्त्रातलं. युरोपात गेम गेला तेव्हा त्यांची हवा, लाकूड, आग, माती झाली. हिशेब तोच राहिला, पण निशाण गळून पडलं. नावांचंही तसंच. एन्दो मामोरूचा मार्क इव्हान्स झाला, गोएन्जीचा ॲक्सेल ब्लेझ. इंग्रजी आवृत्ती खेळणाऱ्या मराठी वाचकाला ही दुसरी नावं भेटतील, म्हणून पुढे दोन्ही दिली आहेत. मी स्वतः मात्र जपानीच वापरणार आहे, कारण टायर आणि बुकात्सु यांच्या शेजारी मार्क इव्हान्स फार परका वाटतो.

पहिल्या भागातल्या मुलींबद्दलही बोलायला हवं. जपानी क्लबांत मॅनेजर म्हणजे एक विद्यार्थीच, बहुधा मुलगी: पाण्याच्या बाटल्या भरणारी, नोंदी ठेवणारी, जखमा बांधणारी. आकी, हारुना, नात्सुमी या तिघी अशाच मॅनेजर आहेत. नात्सुमी संस्थाप्रमुखांची मुलगी, तिच्या शब्दाला शाळेत धार आहे. हारुना वृत्तपत्र क्लबातली, माहिती काढण्यात पटाईत. पात्रं म्हणून तिघी कित्येक खेळाडूंपेक्षा चांगल्या लिहिलेल्या आहेत, पण कथेतल्या सामन्यांच्या वेळी त्यांची जागा रेषेबाहेरच. दुसऱ्या भागात मुली राइमोनच्या संघातून खेळू लागतात, तेव्हा पहिल्या भागातली उणीव जास्तच डोळ्यात भरते. जपानच्या महिलांनी २०११ मध्ये विश्वचषक जिंकला, पुरुषांना तो अजून मिळालेला नाही, हे लक्षात ठेवून हा भाग खेळावा.

खलनायकही एकेरी आहेत. तेइकोकुचा प्रशिक्षक कागेयामा हा काळा चष्मा लावलेला पक्का दुष्ट. अंतिम सामन्यातला झ्यूस शाळेचा संघ मैदानात ‘देवांचं पाणी’ पिऊन ताकद मिळवतो. उत्तेजकांचा प्रश्न मुलांच्या गोष्टीत आणण्याची ही युक्ती धाडसी आहे, पण तिचा विचार मात्र उरकून टाकलेला वाटतो. दुसऱ्या भागात तर परग्रहावरून आल्याचं सांगणारे संघ शाळा पाडत सुटतात. तिथे मालिकेचा पाय जमिनीवरून सुटला असं माझं मत आहे. अनेक चाहत्यांना नेमका तोच भाग सर्वांत प्रिय आहे, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

हा सगळा पसारा वाढला तो ठरवून. गेमपाठोपाठ ५ ऑक्टोबर २००८ पासून टीव्हीवर ॲनिमे सुरू झाली आणि १२७ भागांनंतर २०११ च्या एप्रिलमध्ये संपली. ‘कोरोकोरो’ मासिकात तेन्या याबुनो यांची चित्रकथा चालत होती, तिला २०१० मध्ये मुलांसाठीच्या विभागात कोदान्शा पुरस्कार मिळाला. मुलाने संध्याकाळी पाहावं, महिनाभर वाचावं, बसमध्ये खेळावं, अशी ही तिहेरी मांडणी. हेच तंत्र कंपनीने पुढे २०१३ मध्ये ‘योकाई वॉच’साठी वापरलं. युरोपात पहिला गेम पोचला २०११ च्या जानेवारीत, म्हणजे जपानमध्ये तिसरा भाग येऊन गेल्यावर. तरी स्पेन आणि इटलीत त्याने जीव लावला. ‘कॅप्टन त्सुबासा’वर वाढलेल्या पालकांची पोरं ती, त्यांना थांबणारा फुटबॉल नवा नव्हता. अमेरिकेत तो आला २०१४ मध्ये, तोही केवळ डाउनलोडच्या रूपात, आणि फारसा कुणाला कळलाही नाही.

राइमोनच्या सात पोरांचा क्लब २००८ मध्ये गोष्टीची सोय म्हणून रचला असेल. आज जपानी गावांत तसे क्लब खरोखरच सापडतात. मुलंच कमी जन्मत असल्याने माध्यमिक शाळांना अकरा जण जमत नाहीत, दोन-तीन शाळा मिळून संयुक्त संघ उतरवतात. शिक्षकांवरचा भारही असह्य झाला आहे. शनिवार-रविवारचा क्लब चालवायचा तोही बहुधा तुटपुंज्या भत्त्यावर. २०२३ पासून सरकारने सुट्टीच्या दिवसांचे हे क्लब शाळांकडून हळूहळू गावातल्या संस्थांकडे सोपवायला सुरुवात केली आहे. गेममध्ये राइमोनचा प्रशिक्षक होतो तो रामेन विकणारा हिबिकी, जुन्या संघाचा गोलकीपर. शाळेबाहेरच्या माणसाने पोरांना खेळ शिकवायचा ही व्यवस्था जपानचं शिक्षण खातं आता कागदावर आखत आहे. तेव्हा ती एका नूडल्सच्या टपरीत चालली होती.

ज्यांना पुढची प्रकरणं वाचण्याआधी हात साफ करायचा आहे त्यांच्यासाठी एवढंच. अमेरिकेतली डाउनलोड आवृत्ती निन्टेंडोने २०२३ च्या मार्चमध्ये ३डीएसचं दुकान बंद केल्यापासून विकत मिळत नाही. डीएसच्या युरोपीय कार्ट्रिज जुन्या बाजारात फिरतात, त्यातली इंग्रजी वाचायला सोपी आहे. अनेकदा लांबणीवर पडलेला ‘व्हिक्टरी रोड’ २०२५ मध्ये नव्या यंत्रांवर आला, त्यात मालिकेतले हजारो खेळाडू एकत्र आहेत; पण सुरुवात तिथून करू नये. पहिला भाग घ्या, झटापटींचा कंटाळा सोसा, आणि संघात चांगले खेळाडू येऊ लागले तरी मेगानेला एखादा सामना खेळवा. तो फारसं काही करणार नाही. दम लवकर संपेल, चेंडू हातचा जाईल, आणि तुम्हाला उरलेल्या दहा जणांकडून जरा जास्त डोकं लढवून काम करून घ्यावं लागेल.